दोन परक्या देशांच्या मधले आपले विमान

११ एप्रिल १९५५. हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरून भर दुपारी एक विमान जकार्ताकडे निघाले. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे, चार पंख्यांचे, नाव ‘काश्मीर प्रिन्सेस’. विमान एअर इंडियाचे. आत अकरा प्रवासी आणि आठ कर्मचारी. आठही कर्मचारी भारतीय होते, अकरा प्रवाशांत मात्र भारतीय एकही नव्हता. बहुतेक चिनी, आणि त्यांच्यासोबत एक व्हिएतनामी, एक पोलिश व एक ऑस्ट्रियन. जिथून निघाले ते ठिकाण ब्रिटिशांच्या ताब्यातले, जिथे जायचे तो देश इंडोनेशिया. मार्गात भारताची इंचभरही भूमी नव्हती.

सुमारे पाच तासांनी, नातुना बेटांजवळच्या समुद्रावर असताना स्फोट झाला. उजव्या पंखाला आग लागली. विमान समुद्रात कोसळले आणि सोळा जण मृत्युमुखी पडले. वैमानिक कॅप्टन दामोदर काशीनाथ जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी त्यांत होते. सहवैमानिक दीक्षित, दिशादर्शक पाठक आणि देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक असे तिघेच वाचले, तेही अंधारात कित्येक तास पोहून.

ही कथा आपल्यापैकी अनेकांनी हेरकथा म्हणून वाचलेली असेल. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय बांडुंग परिषदेला याच विमानाने जाणार होते आणि ऐनवेळी गेले नाहीत. बाँब कालनियंत्रित होता. हाँगकाँगमध्ये विमानाची साफसफाई करणारा एक कामगार तैवानला पळून गेला. पुढे ‘रॉ’चे संस्थापक झालेले रामेश्वरनाथ काव यांना नेहरूंनी तपासासाठी पाठविले. हे सर्व खरे आहे आणि थरारकही आहे. परंतु या कथनात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. चिनी शिष्टमंडळाला हाँगकाँगहून जकार्त्याला नेण्याचे काम मुंबईच्या विमान कंपनीकडे आलेच कसे?

आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे. त्याच्या उत्तरातून मला आजच्या एका वादाविषयीही काही म्हणायचे आहे. तो वाद आपल्या रत्नागिरीतील पुष्कळ घरांच्या खिशाशी निगडित आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. आकाश हे समुद्रासारखे खुले नसते. प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश त्या देशाच्या मालकीचे असते आणि तिथून जाण्यासही परवानगी लागते. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, नोव्हेंबर १९४४ मध्ये, शिकागो येथे पन्नासहून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधी या परवानग्यांचे नियम ठरविण्यासाठी जमले. पारतंत्र्यातील भारताचेही शिष्टमंडळ तिथे होते आणि त्याचे नेतृत्व सर गिरिजाशंकर बाजपेयी करीत होते. तिथल्या चर्चेतून ‘हवाई स्वातंत्र्ये’ ही संकल्पना आकाराला आली. पहिले स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्या देशावरून उडून जाणे. दुसरे म्हणजे इंधनासाठी तिथे उतरणे. तिसरे, आपल्या देशातून प्रवासी तिकडे नेणे. चौथे, तिकडून प्रवासी आपल्याकडे आणणे. इथपर्यंत फारसे कोणाचे बिनसले नाही.

परिषद अडली ती पाचव्यावर. पाचवे स्वातंत्र्य म्हणजे आपल्या देशातून निघालेल्या किंवा आपल्या देशाकडे येणाऱ्या मार्गावर, वाटेतल्या दोन परक्या देशांच्या दरम्यान प्रवासी घेण्याचा हक्क. मुंबईहून लंडनला जाणारे विमान कैरोला थांबले आणि तिथे काही माणसे उतरली, तर त्या रिकाम्या खुर्च्यांवर कैरोतच नवे प्रवासी बसवून जिनिव्हाला सोडता येतील का? या हक्कावाचून लांब पल्ल्याची सेवा त्या काळी परवडत नव्हती. एका उड्डाणात विमान फार दूर जाऊ शकत नसे, थांबे अटळ होते आणि प्रत्येक थांब्यावर खुर्च्या रिकाम्या होत. पण कैरो ते जिनिव्हा हा प्रवासी मुळात इजिप्तचा किंवा स्वित्झर्लंडचा. त्याच्या भाड्याचे पैसे तिसऱ्यानेच का न्यावेत?

युद्धात अमेरिकेच्या कारखान्यांतून वाहतुकीची विमाने ढिगाने बाहेर पडली होती, तर ब्रिटनची शक्ती प्रामुख्याने लढाऊ आणि बाँबफेकी विमाने बांधण्यात खर्ची पडली होती. साहजिकच अमेरिकेला आकाश मोकळे हवे होते आणि ब्रिटनला ‘सुव्यवस्थित’. दोघेही तत्त्वाच्या भाषेत बोलत होते. पाचही स्वातंत्र्ये एकत्र देणारा करार झाला, पण त्यात टिकून राहिलेले देश फार थोडे. खुद्द अमेरिकेनेच १९४६ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्म्युडा येथे अमेरिका आणि ब्रिटन यांनी आपापसांत तडजोड केली. तेव्हापासून पाचवे स्वातंत्र्य ही प्रत्येक दोन देशांनी स्वतंत्रपणे घासाघीस करून देण्याघेण्याची वस्तू झाली. तीही एका सहीने मिळत नाही. मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या सरकारांनी होकार द्यावा लागतो.

आपण कोकणातले लोक या घासाघिशीला नवखे नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना आणला. परवाना नसलेले जहाज त्यांच्या लेखी लुटण्यास मोकळे. त्याआधी दाभोळ आणि चौल या बंदरांतून एडन, होर्मुझ, मलबार, गुजरात असा व्यापार चाले. कोणाचा माल कोणाच्या जहाजातून कोणत्या बंदरात जावा, हे सांगणारी एकच सत्ता त्या समुद्रावर नव्हती. डिसेंबर १५०८ मध्ये आल्मेदाच्या आरमाराने दाभोळ जाळले. दुसऱ्यांच्या बंदरांदरम्यान माल कोणी वाहायचा, हा प्रश्न त्या आगीनंतर बराच काळ तोफेनेच सुटत राहिला. बळी तो कान पिळी. शिकागोत तोफेच्या जागी विमानांची संख्या आली, एवढाच काय तो फरक. आणखी एक नोंद इथेच करावीशी वाटते. पुढे ब्रिटिशांच्या जहाजांवर रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांमधून हजारो खलाशी आणि सारंग गेले. परक्या मालकाचे जहाज दोन परक्या बंदरांमध्ये चालविणारे हात आपले होते. हक्क मात्र मालकाचा.

स्वतंत्र भारताला हा हक्क स्वतःच्या नावावर हवा होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा मार्गे लंडनला निघाले. १९५० मध्ये नैरोबीची सेवा सुरू झाली. १९५३ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि अध्यक्षपदी जे. आर. डी. टाटा कायम राहिले. या काळाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा महाराजाच्या मिशा, पडद्यांचे रंग आणि चांदीचे चमचे यांविषयी असते. (मलाही ती चित्रे आवडतात. तक्रार एवढीच, की चमच्यांवर दहा लेख सापडतात आणि कराराच्या कलमांवर एकही नाही.)

कारण खरी चुरस त्या कलमांत होती. भारत आणि अमेरिका यांच्यात नोव्हेंबर १९४६ मध्ये झालेला हवाई करार बर्म्युडाच्या धर्तीचा होता. पॅन अमेरिकन आणि टीडब्ल्यूए यांची विमाने भारतात येत, ती अमेरिकेहून थेट नव्हे, तर युरोप, पश्चिम आशिया किंवा पूर्व आशियातील थांबे घेत. भारत सरकारचा आक्षेप असा, की अमेरिका आणि भारत यांच्यात खरोखर प्रवास करणाऱ्यांच्या गरजेपेक्षा या कंपन्या जास्त खुर्च्या आणतात, आणि त्या भरतात भारत व वाटेतले देश यांच्यामधील प्रवाशांनी. म्हणजे ज्या प्रवाशावर एअर इंडियाचा पोटापाण्याचा धंदा अवलंबून होता, त्यानेच. वाटाघाटी फसल्या. १९५४ मध्ये भारताने करार रद्द करण्याची सूचना दिली आणि जानेवारी १९५५ मध्ये तो संपुष्टात आला. नवा करार व्हायला फेब्रुवारी १९५६ उजाडले.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. जानेवारी १९५५ मध्ये, परक्यांनी आपल्या दारातले प्रवासी तिसऱ्या देशात नेऊ नयेत, म्हणून भारत महासत्तेशी केलेला करार मोडीत निघू देतो. एप्रिल १९५५ मध्ये भारताचेच विमान दोन परक्या भूमींच्या दरम्यान परके प्रवासी घेऊन उडते.

काटेकोरपणे बोलायचे तर ‘काश्मीर प्रिन्सेस’चे ते उड्डाण पाचव्या स्वातंत्र्याचे नव्हते. पाचवे स्वातंत्र्य वेळापत्रकानुसार चालणाऱ्या नियमित सेवेचे, आणि हे होते भाड्याने ठरविलेले खास विमान. शिकागो करारात या दोहोंसाठी पाचवे व सहावे अशी वेगवेगळी कलमे आहेत. तथापि मूळ प्रश्न तोच राहतो. मधल्या माणसाला दोन्ही बाजूंनी होकार का मिळतो? त्या काळच्या चीनकडे असा प्रवास करू शकणारी स्वतःची लांब पल्ल्याची सेवा नव्हती. हाँगकाँगमध्ये ब्रिटिश होते, आणि ब्रिटिशांना चालेल, इंडोनेशियाला चालेल, शिवाय चीन ज्यावर आपली माणसे बसवील असे विमान त्या आठवड्यात जगात फार ठिकाणी मिळाले नसते. भारताकडे विमाने मोजकीच होती. सर्वांशी बोलणे चालू असल्याची पत मात्र होती. ते काम त्या पतीवर मिळाले.

आणि त्या पतीची किंमत विमानातल्या आठ जणांनी मोजली. स्फोटानंतर जटारांनी पेटलेल्या बाजूचे इंजिन बंद केले आणि समुद्रावर विमान उतरविण्याचा प्रयत्न केला. रेडिओ बंद पडण्यापूर्वी संकटाचे संदेश ठिकाणासह पाठविले गेले. धूर भरलेल्या विमानात कर्मचारी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देत होते आणि आपत्कालीन दारे उघडत होते. जटार, बेरी, दीक्षित, पाठक आणि कर्णिक या पाचही जणांना अशोकचक्र श्रेणीतील सन्मान मिळाले. तोवर हा सन्मान लष्करी गणवेशाबाहेरच्या कोणाला मिळालेला नव्हता. कर्णिकांनी पुढे ‘काश्मीर प्रिन्सेस’ याच नावाने पुस्तक लिहिले. हेरकथेत ही नावे तळटीपेसारखी येतात, याचा मला राग आहे. ज्यांच्या बातमीसाठी आपण ती कथा वाचतो ते चौ एन-लाय त्या विमानात नव्हतेच. जटार होते.

पुढचा टप्पा झटपट सांगतो. फेब्रुवारी १९५६ च्या करारानंतर चारच वर्षांनी एअर इंडियाकडे बोईंग ७०७ ही जेट विमाने आली. १४ मे १९६० रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, लंडनमार्गे. लंडन ते न्यूयॉर्क हा जगातील सर्वांत मोलाच्या हवाई मार्गांपैकी एक. त्याच्या एका टोकाला ब्रिटन, दुसऱ्याला अमेरिका, आणि मधल्या अटलांटिकवर साडी नेसलेल्या हवाई सुंदरींचे भारतीय विमान तिकिटे विकत होते. म्हणजे ज्या हक्काच्या अतिरेकाबद्दल आपण १९५४ मध्ये अमेरिकेला खडसावले, तोच हक्क १९६० मध्ये आपण अमेरिकेच्याच दारात वापरू लागलो. कित्येक दशके वापरला. विमाने मुंबई किंवा दिल्लीहून थेट अमेरिकेला पोहोचू लागली, तेव्हा कुठे मधल्या थांब्याची निकड ओसरली.

हा दुटप्पीपणा होता का? थोडासा होता. पण मला १९५४ च्या निर्णयाचा अभिमानच वाटतो, आणि त्याचे कारण पुढच्या सहा वर्षांत आहे. सरकारने सार्वजनिक मालकीच्या तरुण कंपनीसाठी आडोसा उभा केला. त्या आडोशात कंपनी स्वस्थ बसली नाही. तिने जेट घेतली, माणसे शिकवली आणि अटलांटिक ओलांडला. संरक्षण मागणाऱ्याला विचारायचा प्रश्न मला तरी एवढाच दिसतो: या मुदतीत तुम्ही काय उभे करणार?

हाच प्रश्न घेऊन आज दुबईकडे पाहू. आज दोन परक्या देशांच्या मधले विमान आखाती आहे. एमिरेट्स मिलान ते न्यूयॉर्क उडते, अथेन्स ते न्यूअर्क उडते. हे नियमित, उघड पाचवे स्वातंत्र्य. मिलानच्या मार्गावर इटलीत न्यायालयीन लढाई झाली, अमेरिकी कंपन्यांनी आरडाओरडा केला, म्हणजे १९४४ मध्ये ज्यांना मोकळे आकाश हवे होते त्यांनीच. भारतापुढचा प्रश्न मात्र याच्याच धाकट्या भावंडाचा आहे. मुंबईहून प्रवासी दुबईला न्यायचा आणि दुबईहून दुसऱ्या विमानाने लंडनला सोडायचा. चौथ्या आणि तिसऱ्या स्वातंत्र्याची ही जोडणी, तिला सहावे स्वातंत्र्य म्हणतात. आपल्याकडचा युक्तिवाद असा, की हे भारताचे प्रवासी आहेत, ते परक्या विमानतळावरून वळवले जातात, म्हणून दुबईला दिलेल्या खुर्च्या वाढवू नयेत. प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार खुर्च्या, ही मर्यादा गेली अनेक वर्षे जवळपास तिथेच आहे.

युक्तिवाद जुनाच आहे आणि त्यात तथ्यही आहे. लंडनला जाणाऱ्याला थेट नेणारी भारतीय विमाने असावीत, हे मलाही पटते. माझा आक्षेप कोट्याच्या आंधळेपणाला आहे. कोटा खुर्च्या मोजतो, त्यांवर बसलेली माणसे कुठे चालली आहेत हे पाहत नाही. लंडनला निघालेला पर्यटक दुबईत दोन तास थांबतो. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातला तरुण दुबईत नोकरी करतो. त्याचा प्रवास दुबईलाच संपतो. त्याला कोणी ‘वळवलेले’ नाही, तो कोणाचा चोरलेला प्रवासी नाही. पण मोजणीत दोघांची खुर्ची एकच. पहिल्याला रोखण्यासाठी घातलेला बांध दुसऱ्याचेही पाणी अडवतो. ईदला, गणपतीला किंवा घरी कोणी आजारी पडल्यावर तिकीट काढायची वेळ येते, तेव्हा मर्यादित खुर्च्यांचा अर्थ त्याला दिल्लीतल्या कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगला समजतो.

१९५४ मध्ये ज्या प्रवाशांसाठी भारत भांडला, ते त्या काळी मूठभर श्रीमंत, अधिकारी आणि व्यापारी होते. संरक्षणाचा भार सोसणाराही त्यांच्यातलाच. आज तो भार आखातात राबणाऱ्यावर पडतो आणि लाभ लांब पल्ल्याच्या तिकिटांतून मिळवायचा असतो. भार एकाचा, फळ दुसऱ्याचे. म्हणून संरक्षण हवेच असेल तर मुदतीचे हवे, त्या मुदतीत किती नवी विमाने कोणत्या थेट मार्गांवर येणार हे जाहीर हवे, आणि दुबई किंवा शारजा हेच ज्यांचे अखेरचे ठिकाण आहे त्यांच्यासाठी जागा वाढवण्याची सोय त्याच करारात हवी. करारात अशी भेदाभेदाची कलमे लिहिणे अवघड असते, हे मान्य. पण बर्म्युडातही खुर्च्यांची क्षमता प्रत्यक्ष प्रवाशांच्या गरजेशी जोडण्याची भाषा १९४६ मध्ये लिहिली गेलीच होती, आणि त्याच भाषेचा आधार घेऊन आपण अमेरिकेशी भांडलो होतो.

या विषयावर काम करताना मला सर्वाधिक बोलके वाटलेले साधन कोणत्याही अभिलेखागारात नाही. आजोबांच्या किंवा एखाद्या नैरोबीच्या काकांच्या ट्रंकेत साठ-सत्तरच्या दशकांतली एअर इंडियाची जुनी तिकिटे किंवा वेळापत्रके असतील, तर जरूर पाहा. लाल कार्बनी अक्षरांत एका ओळीखाली एक थांबे लिहिलेले असतात. त्यांतला कोणता तुकडा भारताला न शिवणारा आहे ते शोधा, त्याचे छायाचित्र खाली जोडा आणि तारीख लिहायला विसरू नका. वैयक्तिक नावे आणि क्रमांक तेवढे झाकून घ्या.